अच्छम्माची गोणी

भांडुपहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. लांब आहे, म्हणून सारांश देते. नवरा मल्याळी, कोल्लम जिल्ह्यात चवऱ्याजवळचं त्याचं गाव. सासूबाई तिथे एकट्या राहतात. दर दोन-तीन महिन्यांनी नेत्रावती एक्सप्रेसने येणाऱ्या कुणाच्या तरी सोबत त्यांची गोणी कुर्ला टर्मिनसला उतरते. नारळ, नेंद्रन केळी, सुरण आणि कप्पा, म्हणजे ज्याचा आपला साबुदाणा होतो तो कंद. मे महिन्यात सगळे गावी जातात, घरच्या विहिरीचं पाणी पितात, साडेचार वर्षांचा मुलगा दिवसभर काळ्या वाळूत लोळतो. दिवाळीनंतर या बाईंच्या वाचनात आलं की त्या किनाऱ्याच्या वाळूत मोनाझाइट नावाचं खनिज असतं, त्यात किरणोत्सर्गी थोरियम आणि ‘रेअर अर्थ’ मूलद्रव्यं असतात, ती पाण्यात आणि पिकांत उतरतात, आणि केरळातल्या मुलांच्या हृदयाच्या एका आजाराशी त्यांचा संबंध जोडला गेला होता. तेव्हापासून गोणीतलं काहीही मुलाच्या ताटात गेलेलं नाही. नवऱ्याला याचा पत्ता नाही. नारळ आणि कप्पा कामाच्या मावशींकडे जातो. व्हिडिओ कॉलवर अच्छम्माने, म्हणजे आजीने, ‘कप्पा आवडला का?’ असं विचारलं की मुलगा शिकवल्याप्रमाणे ‘हो’ म्हणतो. एका लॅबने मुलाच्या केसांतले धातू साडेसात हजारांत तपासून देतो असं सांगितलं आहे. त्यांचे प्रश्न तीन. केस तपासावेत का? मे महिन्यातलं जाणं रद्द करावं का? आणि सासूबाईंना कसं सांगावं, की तुमची जमीनच विषारी आहे?

तुमच्या पत्रातलं ते शेवटचं वाक्य मी परत परत वाचलं. ‘जमीनच विषारी’. बाकी सगळ्या पत्रात तुम्ही विचारताय. तिथे मात्र निकाल देऊन मोकळ्या झाला आहात. म्हणून आधी त्या निकालाकडेच बघू. केस, विहीर, मे महिना यांचा विचार त्यानंतर.

रेअर अर्थ हे नावच मुळात फसवं आहे. ही सतरा मूलद्रव्यं. लँथनम, सेरियम, निओडिमियम वगैरे पंधरा, शिवाय स्कँडियम आणि यिट्रियम. यातली बरीचशी दुर्मिळ नाहीत आणि माती तर नाहीतच. जुन्या रसायनशास्त्रात न विरघळणाऱ्या, न वितळणाऱ्या ऑक्साइडांना ‘अर्थ’ म्हणायचे, ते नाव चिकटलं. पृथ्वीच्या कवचात सेरियम शिशापेक्षा जास्त आहे, जवळजवळ तांब्याएवढं. तुमच्या इमारतीखालच्या बेसाल्टमध्येही ते आहे, लाखात दोन-चार भाग. तुमचा मोबाईल थरथरतो तो निओडिमियमच्या चुंबकामुळे. तेव्हा ‘आमच्या घरात ही मूलद्रव्यं येता कामा नयेत’ ही अट मुळातच पाळता येण्यासारखी नाही.

मी तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, पण सेरियमची माझी ओळख पुस्तकातली नाही. गिरगावात आमच्या चाळीच्या गणपतीला पेट्रोमॅक्स असायची. वडील नवी जाळी बांधायचे, काडी लावायचे, आणि ती मऊ कापडी पिशवी जळून पांढऱ्या राखेची जाळी उरायची. बोट लागलं की भुगा. आम्हा पोरांना त्या भुग्याला हात लावायची फार हौस. ती राख म्हणजे ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड. आणि तुमच्या सासरच्या किनाऱ्याची गोष्टच मुळी त्या जाळीपासून सुरू होते. त्रावणकोरातून जर्मनीला काथ्या जायचा. १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्या काथ्याला चिकटून आलेल्या वाळूत मोनाझाइट सापडलं. जगभरातल्या गॅसबत्त्यांच्या जाळ्यांना थोरियम हवं होतं, आणि ते नारळाच्या सोडणातून चिकटत चिकटत स्वतःहून युरोपात पोचलं होतं. पुढे १९५० मध्ये या वाळूसाठी सरकारी कंपनी निघाली. तिचं मुख्य कार्यालय आपल्या प्रभादेवीत आहे, सिद्धिविनायकापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

हे सांगून मी तुमची भीती हसण्यावारी नेत नाहीये. लहानपणी त्या राखेशी खेळू द्यायला नको होतं, हेही मला आज कळतं. पण भीतीला आकार असावा. कुठून, कशातून, किती?

तर कुठून ते पाहू. नींडकरा ते कायमकुळम असा साधारण बावीस किलोमीटरचा तो पट्टा. तिथली वाळू काळी दिसते ती मोनाझाइटमुळे नव्हे, इल्मेनाइटमुळे, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडमुळे. मोनाझाइटचे कण मधाच्या रंगाचे, काळ्यात विखुरलेले, आणि प्रमाणाने अगदी थोडे. पुढच्या वेळी मूठभर वाळू पांढऱ्या कागदावर पसरा आणि भिंगातून बघा, दिसतील. हे मोनाझाइट म्हणजे रेअर अर्थचं फॉस्फेट, आणि आपल्याकडच्या मोनाझाइटमध्ये थोरियम ऑक्साइड साधारण ८ ते १० टक्के. ऐकायला भयंकर. पण हा दगड अतिशय हट्टी असतो. कारखान्यात त्याला फोडायला तो बारीक दळून दाट, तापलेल्या कॉस्टिक सोड्यात शिजवावा लागतो. पावसाच्या पाण्याने आणि माडाच्या मुळांनी तो सहजी सुटत नाही. तुम्ही वाचलेल्या लेखात ‘मातीत इतकं सेरियम’ असा मोठा आकडा असेल. तो खराही असेल. पण तो मातीचं सगळं काही आम्लात विरघळवून मोजलेला असतो. त्यातलं मुळांना मिळण्याजोगं किती, हा वेगळा आकडा, आणि तो बराच लहान असतो.

पाण्याचंही तसंच. साध्या, फार आंबट नसलेल्या पाण्यात ही मूलद्रव्यं विरघळून राहत नाहीत; चिकणमातीच्या आणि लोहाच्या कणांना चिकटून तळाशी बसतात. पाणी आम्लधर्मी झालं की मात्र जास्त सुटतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण केरळातल्या जांभ्याच्या विहिरींचं पाणी पुष्कळदा थोडं आम्लधर्मी असतंच. विहिरीकडे मी परत येणार आहे.

आणि झाडं? बहुतेक पिकं ही मूलद्रव्यं मुळाशीच अडवतात. पानात त्याहून कमी, फळात आणि बीत सगळ्यात कमी. माडाच्या उंच शेंड्यावरच्या शहाळ्यापर्यंत जे पोचतं ते इतक्या गाळण्यांतून गेलेलं असतं. अपवाद आहेत. दक्षिण चीनच्या खाणपट्ट्यात डिक्रानोप्टेरिस नावाचं एक नेचं आहे, ते पानांत ही मूलद्रव्यं अक्षरशः साठवून ठेवतं. आता त्याचा उपयोग जमीन साफ करायला होईल का हे बघताहेत. चहाचं झुडूपही जुन्या पानांत बरंच साठवतं. चीनने चहातल्या रेअर अर्थवर मर्यादाच घातली होती आणि २०१७ च्या नव्या मानकात ती काढून टाकली. कपात उतरतं फार थोडं, बाकीचं चोथ्यात राहतं. नेचं तुमच्या गोणीत नाही. चहा तर तुम्ही रोज पीत असाल, आणि तो चवऱ्याचा नाही.

कंदांचं मात्र वेगळं आहे, कारण कप्पा आणि सुरण जमिनीतच वाढतात. पण कंदाच्या तपासणीत जे सापडतं त्यातलं बरंचसं सालीला चिकटलेल्या मातीचं असतं. साल जाड काढली आणि खळखळून धुतलं की तो हिशेब बराच उतरतो.

आता पोटाचा हिशेब. माझ्या नात्यातले एक काका डायलिसिसवर होते. त्यांना जेवताना चावून खायच्या गोळ्या होत्या: लँथनम कार्बोनेट. होय, तेच लँथनम, वरच्या पंधरांतलं पहिलं. किडनीच्या रुग्णांच्या जेवणातलं फॉस्फेट आतड्यातच बांधून बाहेर टाकायला हे औषध देतात, दिवसाला दीड ते तीन ग्रॅम लँथनम पोटात जाईल एवढं. चालतं ते का? कारण आतड्यातून रक्तात त्याचा हजारातला एक भागसुद्धा जात नाही, ०.००२ टक्क्याहून कमी. तुमच्या कप्प्यात किलोला एक मिलिग्रॅम लँथनम आहे असं सढळ हाताने धरलं, तरी त्यांच्या पाचशे मिलिग्रॅमच्या एका गोळीइतकं पोटात जायला पाचशे किलो कप्पा खावा लागेल. औषध डॉक्टरांच्या नजरेखाली मोठ्या माणसांना देतात, तुमचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, हे मला कळतं. मी फक्त एवढंच दाखवते आहे की ताटात असणं आणि रक्तात जाणं यांच्यामध्ये फार मोठा दरवाजा आहे, आणि तो बहुतेक बंद असतो.

मग हृदयाच्या आजाराचं काय? तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, आणि मी त्यावर जरा थांबणार आहे, कारण तुमची झोप उडाली ती याच परिच्छेदामुळे.

त्या आजाराचं नाव एंडोमायोकार्डियल फायब्रोसिस. हृदयाच्या आतल्या अस्तरावर चिवट, जाड थर चढतो आणि कप्पे नीट भरत नाहीत. (हृदयाचा कप्पा आणि ताटातला कप्पा, मराठी सुनेलाच हा गोंधळ झेपायचा.) १९४० च्या दशकात युगांडात तो प्रथम नीट वर्णिला गेला आणि पुढे केरळच्या किनारपट्टीतही गरीब घरांतल्या मुलांत आणि तरुणांत बराच आढळला. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांचे सहकारी या आजारावर काम करत होते. हे तेच वलियाथन, ज्यांच्या संस्थेने चित्रा झडप बनवली, हृदयाची स्वस्त भारतीय झडप. रुग्णांच्या हृदयाच्या ऊतींत त्यांना सेरियम जास्त दिसलं. त्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडलं की मोनाझाइटच्या जमिनीतलं सेरियम आणि आहारातली मॅग्नेशियमची कमतरता मिळून हे होत असावं. उंदरांवरच्या प्रयोगांत, मॅग्नेशियम कमी आणि सेरियम जास्त असताना हृदयात तंतू वाढलेलेही दिसले. कल्पना हुशार होती, आणि ती मांडणारे सवंग माणसं नव्हती.

पण पुढे काय झालं हेही बघा. कृमींमुळे वाढणाऱ्या इओसिनोफिल पेशी, प्रथिनं कमी असलेला आहार, वरचेवर होणारे संसर्ग, नुसत्या कप्प्यावर काढलेले दिवस, असे कितीतरी संशयित पुढे आले आणि कुणा एकावर गुन्हा सिद्ध झाला नाही. दरम्यान केरळात मुलांना मासे-दूध-अंडी मिळू लागली, जंतांच्या गोळ्या मिळू लागल्या, दवाखाने जवळ आले, आणि या आजाराचे नवे रुग्ण कमी कमी होत गेले. वाळू होती तिथेच आहे. विहिरी त्याच आहेत, कप्पाही त्याच जमिनीतला. आजार ओसरला. सेरियमचा वाटा असलाच तर तो उपाशी, जंताळलेल्या शरीरातच चालत असावा, असं मला यातून वाटतं. तुमच्या मुलाचं वजन तुम्ही पत्रात लिहिलंय, ते उत्तम आहे. सेरियमपेक्षा मी तुम्हाला विचारीन, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला मुलांना जंताची गोळी देतात, ती त्याने घेतली का? हिमोग्लोबिन शेवटचं कधी बघितलं?

थोरियमबद्दल थोडक्यात. त्या पट्ट्यात जमिनीतून येणारं गॅमा किरणोत्सर्जन नेहमीपेक्षा जास्त आहे, काही जागी कित्येक पट, हे खरं. म्हणूनच तिथे माणसांवर मोठा अभ्यास झाला. करुनागप्पळ्ळी तालुक्यातल्या जवळपास ७० हजार लोकांवर सरासरी साडेदहा वर्षं नजर ठेवली गेली. २००९ मध्ये निष्कर्ष आले, या किरणांमुळे कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने १९९५ पासून तिथल्या रुग्णालयांत जन्मलेल्या लाखाहून जास्त बाळांची नोंद ठेवली, त्यांतही जन्मजात व्यंगं जास्त आढळली नाहीत. एवढ्यावरून ‘धोका शून्य’ असं कुणी शास्त्रज्ञ म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण जन्मभर तिथेच राहिलेल्यांत जे दिसलं नाही, ते महिनाभराच्या सुट्टीत तुमच्या मुलाला होईल, ही भीती मला जागेवर वाटत नाही.

आता केस. साडेसात हजार वाचवा. केसांवर धूळ, शाम्पू, तेल, विहिरीचं पाणी सगळं बसतं. आत काय आणि बाहेरून काय, हे सांगणं कठीण. आणि आकडा आला तरी तो कशाशी ताडून पाहायचा? लहान मुलाच्या केसांत लँथनम किती असलं म्हणजे ठीक, अशी डॉक्टरांनी मान्य केलेली मर्यादाच नाही. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक, आयएस १०५००, त्यातसुद्धा रेअर अर्थसाठी मर्यादा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही घातलेली नाही. मग होतं असं, की रिपोर्टवर एक लाल पट्टी येते, खाली ‘डिटॉक्स’चा सल्ला येतो, आणि धडधाकट पोराला शरीरातले धातू ओढून काढणारी औषधं देण्यापर्यंत गोष्ट जाते. त्या औषधांनी रक्तातलं कॅल्शियम घसरून मुलं दगावलेली आहेत. त्या वाटेला जाऊच नका.

तपासायचीच हौस असेल तर विहीर तपासा. इथे मी तुमच्या बाजूची आहे. पण सेरियमसाठी नको. केरळात घराघरात उघडी विहीर आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर शौचालयाचा खड्डा, हे चित्र जुनं आहे. साडेचार वर्षांच्या मुलाला गावी गेल्यावर पहिल्या आठवड्यात जुलाब होतात का? पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय, ‘गेल्या वर्षी पोट बिघडलं तेव्हाच मला संशय यायला हवा होता.’ संशय बरोबर, संशयित चुकला. ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारे जंतू, तपासा. नायट्रेट तपासा, लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं. पीएच बघा, ६.५ ते ८.५ मध्ये हवा. तो पाच-साडेपाचवर असेल तर आंबट पाणी पितळी नळातलं, जुन्या जोडातलं तांबं-शिसं सुटं करतं, आणि शिसं मुलाच्या मेंदूला खरोखरच वाईट, त्याबद्दल कुणाचंही दुमत नाही. अशा वेळी सकाळचं पहिलं तांब्या-दोन तांब्ये पाणी झाडांना घालायचं, किंवा सरळ पोहऱ्याने काढलेलं वापरायचं. केरळ वॉटर अथॉरिटीच्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेत खासगी विहिरीचा नमुना फी भरून तपासून मिळतो. हा खर्च केसांच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी. तोवर पाणी उकळायचं. तुमच्या सासूबाई बहुतेक आधीच जिरं किंवा पतिमुगम (पाण्याला गुलाबी रंग देणारं लाकूड) घालून उकळत असतील, ते फिकं गुलाबी पाणी तुम्ही प्यायला असाल.

तरीही कुणा वाचकाला धातूंची तपासणी करून घ्यायचीच असेल, तर एक गोष्ट. नमुना बारीक गाळणीतून, ०.४५ मायक्रॉनच्या, गाळून मगच आम्ल घालायला सांगा. गढूळ पाण्यात तसंच आम्ल टाकलं की मातीचे कण विरघळतात आणि पाण्याच्या नावावर मातीचा आकडा येतो. अर्ध्या घबराटी अशाच जन्मतात.

आरओ बसवू का, असं तुम्ही तळटीपेत विचारलंय. जंतूंसाठी उकळणं पुरेसं आहे. आरओ ही मूलद्रव्यं काढतो, पण आधीच आंबट आणि क्षार कमी असलेल्या पाण्याला आणखी पोकळ करतो. मी बसवला नसता.

वाळूचं म्हणाल तर खेळू द्या. फक्त जेवायच्या आधी हात साबणाने धुवायचे, नखं कापलेली हवीत, चपला बाहेर, आणि वाळूची बाटली भरून मुंबईला आणायची नाही. शोकेसमध्ये ठेवायला सुंदर दिसते, पण घरात तिचं काही काम नाही.

कप्प्यात एक खरं विष असतं, ते तुमच्या लेखात नसणार. सायनाइड. कंदात लिनामरिन नावाचं संयुग असतं, चिरताना-कुस्करताना त्यातून ते सुटतं. तुमच्या सासूबाई कप्पा कसा करतात हे कधी शेजारी उभं राहून पाहिलंय? साल आणि त्याखालचा गुलाबीसर पापुद्रा दोन्ही काढतात, तुकडे करून भरपूर पाण्यात उघड्या भांड्यात उकळतात, ते पाणी ओतून देतात, कधी परत नवं पाणी घालून उकळतात, आणि मग खोबरं-मिरचीचं वाटण लावतात. त्या ओतून दिलेल्या पाण्यातून सायनाइड जातं आणि सालीबरोबर मातीही जाते. तुम्ही घाईत कुकरला थोड्या पाण्यात तीन शिट्ट्या देत असाल, तर या घरातलं जास्त जोखमीचं स्वयंपाकघर भांडुपचं आहे.

हे सदर वाचणारे आणखीही काही जण असतील ज्यांचं गाव कुठल्या ना कुठल्या खनिजावर बसलंय. रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूबद्दल मला अधूनमधून विचारणा होते; ती मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट आहे, सह्याद्रीच्या बेसाल्टातून आलेली, तिचा चवऱ्याशी घोळ घालू नका. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या मंडळींनी रेअर अर्थ विसरून बोअरवेलचं फ्लोराइड तपासावं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की मुलांच्या दातांवर डाग आणि पुढे हाडांवर परिणाम, हे दुखणं आपल्याच राज्यात आजही चालू आहे आणि त्यावर कुणी व्हॉट्सॲप फिरवत नाही. आणि ज्यांच्या शेताला खाण किंवा धातू वेगळे करणारा कारखाना लागून आहे, त्यांच्यासाठी माझं वरचं सगळं दिलासादायक बोलणं लागू नाही. जमिनीत दगड पडून असणं वेगळं आणि त्यावर आम्ल किंवा अमोनियम सल्फेट ओतून तो उघडणं वेगळं. चीनच्या जिआंग्शी प्रांतात डोंगरच्या डोंगर असे खतासारख्या क्षाराने धुतले गेले आणि खालचे ओढे बिघडले. चवऱ्याच्या घराची विहीर एखाद्या सांडपाण्याच्या नाल्याजवळ असेल, पाण्याला रंग किंवा आंबूस चव आली असेल, तर तो प्रश्न वेगळा, मग मला परत लिहा. (शहरवाल्यांनीही फार ऐट करू नये. एमआरआयच्या आधी टोचतात त्या औषधात गॅडोलिनियम असतं, तेही रेअर अर्थच. ते लघवीतून गटारात आणि सांडपाणी शुद्ध करूनही पुढे नदीत जातं. बर्लिनच्या नद्यांत १९९६ मध्येच ते ओळखलं गेलं होतं.)

मे महिन्यात जा. हे माझं उत्तर.

पण जाण्याआधी एक बोलणं व्हायला हवं, आणि ते सासूबाईंशी नाही. आधी नवऱ्याशी. तुम्ही सहा महिने एकटीने एक निर्णय चालवलाय. त्यामागे प्रेम आहे, ते मला दिसतं. पण त्याच्या गावाबद्दल, त्याच्या आईच्या हाताबद्दल तो निर्णय होता आणि तो त्याच्यापासून लपवला गेला. त्याला हे गोणी उघडताना किंवा आईशी फोनवर बोलताना कळलं तर तो सेरियमबद्दल बोलणार नाही, ‘आमचं अन्न तुला चालत नाही’ याबद्दलच बोलेल, आणि मग कुठलाही अभ्यास कामाला येणार नाही. एखाद्या रविवारी सकाळी, मूल खाली खेळायला गेल्यावर सांगा. ‘मी घाबरले होते, तुला सांगितलं नाही, चुकलं’ एवढं पुरेसं आहे. तो चिडेल. चिडू द्या.

सासूबाईंना ‘जमीन विषारी’ हे सांगायचं कारण उरलेलं नाही, कारण ते खरं नाही. विहिरीचं मात्र बोला, आणि विचारण्याच्या सुरात बोला. ‘अम्मा, गेल्या वर्षी त्याचं पोट बिघडलं होतं, यंदा पाणी तपासून घेऊ या का?’ एकट्या राहणाऱ्या बाईच्या पाण्याची कुणी काळजी करतंय, याचा तिला आनंदच होईल. कप्पा करण्याची रीत त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा. मुलाला समोर बसवा.

त्याचं ते शिकवलेलं ‘हो’ आधी मागे घ्या. साडेचार वर्षांचं मूल खोटं का बोलायचं हे विचारत नाही, कुणाशी बोलायचं तेवढं लक्षात ठेवतं. उद्या कप्पा करा, त्याला खाऊ द्या, आणि अच्छम्माला काय सांगायचं ते त्याच्यावर सोडा. नाही आवडला म्हणाला तर म्हणू द्या.

राहता राहिल्या मावशी. पत्रात तुम्ही लिहिलंत, ‘वाया जायला नको म्हणून मावशींना देते, त्यांच्याकडे दोन लहान नातवंडं आहेत.’ हे वाक्य तुम्ही कसं लिहून गेलात? जो नारळ तुमच्या मुलाच्या हृदयाला बाधेल अशी तुमची खात्री होती, तोच त्यांच्या नातवंडांना चालणार होता? मला वाटत नाही तुम्ही मनाने तशा आहात. उलट मला वाटतं, आतून कुठेतरी तुम्हाला ठाऊक होतं की नारळ बरा आहे. म्हणूनच देताना हात अडला नाही. मावशींना देणं थांबवू नका, त्यांना त्याची आता सवय झाली असेल. फक्त पुढची गोणी आली की पहिला नारळ घरी फोडा.